ऐकणाऱ्याला उभे करणारी वाणी



एप्रिल महिना आला की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यावस्त्यांत मंच उभे राहतात. निळ्या पताका लागतात, लाऊडस्पीकर लागतो, वक्ते येतात. समतेवर भाषणे होतात. दिवसभराच्या कामाने तुमचे अंग आंबलेले असते, तरी तुम्ही लेकराबाळांना घेऊन सतरंजीवर येऊन बसता. भाषण रंगले की टाळ्यांचा कडकडाट होतो. पण घरी परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. आज त्या वक्त्याने आपल्याला काय पटवून दिले? उद्या सकाळी आपण काय वेगळे करणार आहोत?

परमपूज्य बाबासाहेबांच्या सभेतून उठलेली माणसे दुसऱ्या दिवशी वेगळी वागत. त्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, मागून आणलेले शिळे तुकडे खाणे सोडले, पोरांना शाळेत धाडले, शेवटी देव्हाऱ्यातले देवही सोडले. हे कशाने झाले? आवाजाच्या जादूने झाले असे म्हणणे सोपे आहे. पण आवाजाची जादू मैदानावर सुरू होते आणि मैदानावरच संपते. बाबासाहेबांचे चरित्र आपण सर्वांनी अनेकदा ऐकले आहे. आज ते एकाच अंगाने पाहू या. या माणसाने समतेची गोष्ट कोणाला, कोणत्या आधारावर आणि कशी पटवली?

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. चाळीत नळावर भांडण होते. एक बाई म्हणते, नंबराने पाणी भरायचे असे ठरले आहे. नंबराचा नियम दोघींना मान्य असेल तर भांडण मिटते. दुसरीला नियमच मान्य नसेल, तर पहिली कितीही गोड बोलली किंवा कितीही ओरडली तरी उपयोग नाही. मन वळवायचे तर बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्या पायाखाली एक तरी समाईक जमीन लागते. अस्पृश्याच्या आणि स्पृश्याच्या पायाखाली अशी जमीनच नव्हती. ती शोधण्यात, आणि सापडली नाही तेव्हा ती तयार करण्यात बाबासाहेबांचे आयुष्य गेले.

घरातला पहिला प्रश्न

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते. ते मुलांकडून भजने म्हणवून घेत आणि रामायण-महाभारत वाचून घेत. या ग्रंथांतली काही माणसे आपल्याला पटत नाहीत, मग ती का वाचायची, असा प्रश्न लहानग्या भीमाने वडिलांनाच विचारला. वडिलांनी चापट मारून गप्प बसवले नाही; आपल्या परीने उत्तर दिले. उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही, पण प्रश्न विचारण्याची सवय राहिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर मुंबईत सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बी या वेळीच पडले होते. झाड वाढायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जात ही रंगातून किंवा रक्तातून आलेली नाही, ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीतून तयार झाली आणि टिकली, असे त्यांनी त्यात मांडले. समतेच्या वक्त्याला हा मुद्दा फार मोलाचा आहे. उच्चनीचपणा रक्तातच असेल, तर तो कोणत्याही भाषणाने जाणार नाही. तो माणसाने घडवलेला असेल, तर माणसाला तो मोडता येतो. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी संशोधकांनी घेतलेली डोक्याची आणि नाकाची मापे तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत असे दाखवून दिले. विरोधकाच्या युक्तिवादावर नुसते रागावण्यापेक्षा त्याच्या पायातली वीट काढून घ्यावी, ही त्यांची रीत होती.

महाड : आपल्या माणसांशी बोलणे

१९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे खरे पुढारी म्हणून गौरविले. त्यानंतर लंडनचे शिक्षण पुरे करून ते परतले आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. पण त्यांच्या वाणीची खरी कसोटी लागली ती महाडला.

१९ मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. समोर कोकणातले गरीब शेतकरी, मजूर आणि सैन्यातून निवृत्त झालेले जवान होते. या माणसांपुढे स्पृश्यांच्या जुलुमाचे पाढे वाचले असते तर टाळ्या हमखास मिळाल्या असत्या. बाबासाहेबांनी आधी आपल्याच माणसांकडे बोट केले. मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, आपापसातला उच्चनीचपणा काढून टाका, मुलांना आपल्यापेक्षा बरे दिवस दाखवा, असे त्यांनी सांगितले. कडू औषध आईच्या हातून पोटात जाते, तसे हे शब्द लोकांनी घेतले. कारण बोलणारा त्यांच्यातलाच होता आणि त्याला त्यांच्याकडून स्वतःसाठी काही नको होते.

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, सारे चवदार तळ्याकडे निघाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला होता आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. म्हणजे या आवाहनाच्या पायाखाली कायद्याची जमीन होती. बाबासाहेबांनी स्वतः पुढे होऊन ओंजळभर पाणी घेतले, मग लोकांनी घेतले. नेत्याने आधी करायचे आणि मग सांगायचे, हे भाषणातले सर्वांत मोठे प्रमाण आहे.

त्यानंतर, अस्पृश्य आता मंदिरात शिरणार अशी खोटी आवई उठवून गावगुंडांनी मंडपातल्या लोकांना मारहाण केली. आपल्याकडे लाठी फिरवू शकणारे जवान होते आणि ते केवळ एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. रागावलेल्या माणसाला आणखी चिथावणे कोणालाही जमते. त्याला थोपवता येणे हे फार कठीण. ती माणसे थांबली, कारण आपण हक्कासाठी आलो आहोत, सूडासाठी नाही, हे त्यांना आधीच पटलेले होते.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाडलाच परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला दिला. कोकणातल्या उघड्या पायांच्या माणसाला त्या दिवशी कळले की आपला झगडा गावच्या एका तळ्यापुरता नाही, जगातल्या मोठ्या झगड्यांपैकी तो एक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. विरोधक ज्या ग्रंथाच्या जमिनीवर उभे राहून बोलत होते, ती जमीन आपण मानत नाही, असे हे जाहीर सांगणे होते. याच परिषदेच्या वेळी ते स्त्रियांशीही बोलले. जातीची खूण सांगणारी राहणी टाकून नीटनेटके राहा, असे त्यांनी सांगितले, आणि बायकांनी तेथल्या तेथे लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. चवदार तळ्याचा न्यायालयातला निकाल मात्र हायकोर्टाकडून १७ मार्च १९३७ रोजी लागला. मनाला पटलेली गोष्ट एका दिवसात अंगी आली. कायद्याला दहा वर्षे लागली.

राज्यकर्त्यांपुढे आणि सुधारकांपुढे

२० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब बोलले. येथे श्रोते होते इंग्रज राज्यकर्ते. आपल्या राज्यात न्याय आहे, ही त्यांची बढाई. बाबासाहेबांनी त्यांचीच फूटपट्टी त्यांना लावली. तुमच्या राज्यापूर्वी आम्हाला विहीर बंद होती, ती आज उघडी झाली काय? देऊळ बंद होते, ते उघडे झाले काय? पोलिसात आणि सैन्यात आमची काय स्थिती आहे? एकेक बाब त्यांनी ताळेबंदासारखी पुढे ठेवली. तेथे रडगाणे नव्हते आणि विनवणीही नव्हती.

सर्वांत कठीण श्रोते होते सुधारक हिंदू. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून झाले. जात मोडायची तर ज्या शास्त्रांनी ती पवित्र ठरवली त्या शास्त्रांचे पावित्र्यही मोडावे लागेल, असे त्यात होते. मंडळाला हे पेलले नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या पैशाने छापले. न केलेले हे भाषण केलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा अधिक वाचले गेले.

येथे अमेरिकेकडे एक नजर टाकू. तेथील काळ्या लोकांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तेथील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्रही लिहिले होते. पुढे २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांपुढे भाषण केले, ते जगभर गाजले. किंग हे पाद्री होते. काळे आणि गोरे दोघेही एकच बायबल वाचत होते. सर्व माणसे समान असल्याचे १७७६ सालच्या जाहीरनाम्यात गोऱ्यांनीच लिहून ठेवले होते. म्हणून किंग यांना म्हणता आले की तुम्ही दिलेला शब्द पाळा. बाबासाहेब हे कोणाला म्हणणार? येथे धर्मग्रंथाने अस्पृश्याला समतेचा शब्द दिलेलाच नव्हता. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे एक, आणि शब्दच नव्याने लिहवून घेणे दुसरे.

दादर, १९३६ : हिशेब मांडणारे भाषण

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाच वर्षे चाललेल्या नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा अनुभव त्यामागे होता. घोषणेने देश हादरला. पण घोषणा म्हणजे पटवणे नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ३१ मे १९३६ रोजी दादरला, मुंबई इलाखा महार परिषदेत, त्यांनी मुक्तीचा मार्ग कोणता हे विचारणारे ते प्रदीर्घ भाषण केले. ते लेखी होते आणि मराठीत होते. नवदीक्षित कुटुंबाने हे भाषण मुळातून वाचावेच. म्हणून त्याची बांधणी थोडी उलगडून सांगतो.

धर्मांतर म्हणजे पोरखेळ नव्हे, हे त्यांनी प्रथम सांगितले. नावाडी प्रवासाला निघण्याआधी तयारी करतो, तशी तयारी हवी आणि त्यासाठी किती लोक येणार हे आधी कळायला हवे. म्हणजे ऐकणाऱ्याला त्यांनी गर्दी मानले नाही, सोबतचा प्रवासी मानले.

मग त्यांनी रोजच्या आयुष्यातले प्रसंग घेतले. मुलगा सरकारी शाळेत घातला म्हणून मार, विहिरीवर पाणी भरू पाहिले म्हणून मार, ढोरे ओढायला नकार दिला म्हणून मार. प्रत्येक श्रोत्याला हे माहीत होते. पण बाबासाहेब दुःख सांगून थांबले नाहीत. त्यांनी कारण विचारले. गावात मुसलमानांची दोनच घरे असली तरी त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. मग तुमच्याच का? कारण त्यांच्या मागे सारा समाज आहे, तुमच्या मागे कोणी नाही. माणसाला तीन प्रकारचे बळ लागते: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. तुमच्याकडे यातले कोणते आहे? संख्या थोडी, पैसा नाही आणि हजारो वर्षांच्या गुलामीने मन खचलेले. मग हे बळ बाहेरून आणावे लागेल, आणि ते दुसऱ्या धर्माच्या समाजात सामील झाल्याने येईल.

हे बोलणे पावलापावलाने चालते. पहिले पाऊल प्रत्येकाच्या अनुभवातले, दुसरे त्यामागच्या कारणाचे, तिसरे उपायाचे. ऐकणारा अडाणी असला तरी कोणत्याही पावलावर तो हात वर करून विचारू शकेल, इतके ते स्वच्छ आहे. त्यानंतर लोकांच्या मनातल्या शंका त्यांनी स्वतःच काढल्या. बापजाद्यांचा धर्म कसा सोडायचा? राजकीय हक्क जातील काय? प्रत्येक शंकेला उत्तर दिले. समोरच्याची शंका दडपून पटवलेले चार दिवस टिकते; शंका उघडी करून पटवलेले पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला केलेला उपदेश सांगितला: दुसऱ्या कोणाच्या आधारावर राहू नका, स्वतःच स्वतःचा दीप व्हा. निर्णय त्यांनी श्रोत्यांच्या हाती दिला. त्यानंतरही वीस वर्षे ते थांबले, अभ्यास करीत राहिले.

समाईक जमीन तयार झाली

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांना अचानक बोलावयास सांगण्यात आले. काँग्रेसवर तुटून पडणारे भाषण ऐकायला मिळणार अशी अनेकांची समजूत होती. ते बोलले देशाच्या ऐक्याविषयी. सर्वांना घेऊन चालायचे तर बलवान पक्षाने चार पावले सबुरीने टाकावीत, असे त्यांनी सांगितले, आणि विरोधकांनीही ते शांतपणे ऐकले. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने मंजूर केले. ज्या देशात समतेचा शब्द कोणी दिलेला नव्हता, त्या देशाने तो आता लिहून दिला. आज तुम्ही-आम्ही रेशनच्या दुकानात, कचेरीत, शाळेत हक्काने बोलतो ते याच जमिनीवर उभे राहून.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मात्र त्यांनी विजयाचा उत्सव केला नाही. राजकारणात समता येईल, पण समाजात आणि अर्थव्यवहारात विषमताच राहील, हा विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असे त्यांनी बजावले. राजकारणातली व्यक्तिपूजा गुलामीकडे नेते, हेही सांगितले. जयंतीच्या मंचासमोर बसताना आपण हे विसरता कामा नये.

कायदा वागणुकीला आवर घालतो. मन कोण बदलणार? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी सांगितले की आपले स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व हे फ्रान्सकडून नव्हे तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्याकडून घेतलेले आहे. त्यांनी कायद्याला मर्यादित जागा दिली आणि बंधुत्वाला सर्वांत मोठी.

नागपूर : ऐकणारा बोलू लागला

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी माईसाहेबांसह भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली. आधी स्वतः, मग इतर. महाडच्या तळ्यावरचाच क्रम. मग त्यांनी लाखो लोकांना उभे राहण्यास सांगितले आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. येथे एक फार मोठी गोष्ट घडली, ती नीट पाहा. आजवर बाबासाहेब बोलत होते आणि लोक ऐकत होते. त्या दिवशी लोक स्वतःच्या तोंडाने बोलले. प्रत्येकाने मी असे म्हटले. ज्याला शतकानुशतके बोलण्याची बंदी होती, तो आपल्या आयुष्याविषयी स्वतः वचन देत होता.

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी जुने आक्षेप पुन्हा घेतले. मेलेली ढोरे ओढण्याचे सोडल्याने महारांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब एका टीकाकाराने मांडला होता. एवढा फायदा असेल तर ते काम तुम्हीच का करीत नाही, पैसे मी वर देतो, असे आपण त्याला विचारल्याचे त्यांनी सांगितले. हसता हसता लोकांना कळले की मानाची किंमत रुपयांत होत नाही. सवलती जातील ही धास्तीही त्यांनी टाळली नाही. ही धास्ती पोकळ नव्हती. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती कायद्याने मिळायला १९९० साल उजाडले. तरीही लोक धम्मातून परत फिरले नाहीत, कारण ते सवलतीच्या आमिषाने आलेले नव्हते. मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या, असे त्यांनी मागितले, आणि प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे असेही सांगितले. म्हणजे त्या मैदानावरचा प्रत्येक श्रोता त्यांनी वक्ता केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी चिता पेटण्यापूर्वी हजारोंनी दीक्षा घेतली. वक्ता गेला होता. पटलेली गोष्ट राहिली होती.

आता तुमची पाळी

वाचकहो, अंधेरीची महाकाली लेणी आणि बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी तुम्ही मुलांना दाखवली असतील. सुट्टीच्या दिवशी तेथे फक्त डबा खाऊन परतू नका. त्या दगडी सभागृहांत भिक्खू धम्म सांगत आणि उपासक ऐकत. तथागतांनी कालामांना बजावले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून पाहा. बाबासाहेबांनी बुद्धाचा धम्म निवडला, त्यात या पारखण्याला मोठी जागा आहे.

मी शिक्षक आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला मुले माझ्याकडे पाठ केलेली भाषणे घेऊन येतात. आवाज खणखणीत असतो, हातवारेही बरोबर असतात. मी त्यांना एकच विचारतो: यातले कोणते वाक्य तुला पटले आणि का? पुष्कळदा मूल गप्प होते. घरी त्याला कोणी असे विचारलेलेच नसते.

तुम्ही ते विचारा. वक्ता समतेवर बोलू लागला की मनाशी चार गोष्टी तपासा. तो आपला अनुभव सांगून थांबतो, की त्याचे कारणही सांगतो? आपल्या मनातल्या शंकेला उत्तर देतो, की ती आरोळीत बुडवतो? तो स्वतः ते करतो काय? आणि शेवटी निर्णय आपल्या हाती देतो, की आपल्याला पायाशी बसवतो? या कसोटीला उतरला तर जरूर टाळ्या वाजवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे वागा.

शेजारी, कामाच्या जागी, लोकलच्या डब्यात कोणी तुम्हाला विचारेल, तुम्ही बौद्ध का झालात? बाबासाहेबांनी सांगितले म्हणून, एवढेच उत्तर देऊ नका. ते उत्तर त्यांना स्वतःलाच आवडले नसते. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत मांडून पाहा. आजीला बोलू द्या, सुनेला बोलू द्या, पाचवीतल्या पोरीलाही बोलू द्या. कोणाला शंका असेल तर ती ऐकून घ्या आणि रविवारी विहारात विचारा.

जय भीम!